सिक्लिड : मत्स्यालयातील सोबती माशांची निवड

सिक्लिडी कुळातील माशांबरोबर गोड्या पाण्याच्या एकाच टाकीत नांदू शकतील असे मासे निवडण्याची पद्धत. या कुळात दीड हजारांहून अधिक जाती असून त्या मुख्यतः आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारतीय उपखंडात आढळतात. एंजल, डिस्कस, ऑस्कर आणि मलावी सरोवरातील रंगीत म्बुना हे सर्व सिक्लिडच. पण एकाचा सोबती दुसऱ्याचा घास ठरतो. त्यामुळे निवड कुळावरून नव्हे, जातीवरून करावी लागते.

पाणी व आहार : डिस्कसला २८ ते ३० अंश से. तापमानाचे मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. एवढी ऊब सोसणारे कार्डिनल टेट्रा व स्टर्बाय कॉरिडोरस त्याच्यासोबत ठेवतात. म्बुनांना सुमारे ८ सामूचे जड पाणी लागते. ते खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात. मांसाहारी माशांचे प्रथिनयुक्त खाणे सतत मिळाल्यास त्यांचे पोट बिघडते. म्हणून डिस्कस व म्बुना यांची टाकी एक करत नाहीत.

आकार व स्वभाव : लहान एंजल निऑन टेट्रांबरोबर सुखाने राहतो, पूर्ण वाढल्यावर मात्र तोच त्यांना गिळू शकतो. टायगर बार्ब एंजलच्या तोंडी मावत नाही. उलट तोच एंजलचे लांब पर कुरतडतो. ऑस्कर ३० सेंमी.पर्यंत वाढतो. त्याने कॉरिडोरस गिळल्यास त्याच्या पराचा काटा घशात अडकून दोघेही दगावू शकतात. मोठ्या टाकीत ऑस्करसोबत सिल्व्हर डॉलर चालतात; फ्लॉवरहॉर्न हा भांडखोर सिक्लिड मात्र एकटाच ठेवणे बरे.

वीण व हद्द : एरवी शांत असलेल्या टाकीत भांडणे पेटतात ती बहुधा विणीच्या वेळी, कारण सिक्लिड अंड्या-पिल्लांची राखण करतात. पश्चिम आफ्रिकेतील क्रिबेन्सिसची जोडी करवंटीच्या आडोशालाही अंडी घालते. मादीचे पोट गडद लालसर होते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येक माशावर ती धावून जाते. तळाशी अन्न हुंगत फिरणारा कॉरिडोरस हाकलला तरी पुन्हा तिकडेच येतो आणि लहान टाकीत जायबंदी होतो. त्यापेक्षा मधल्या व वरच्या थरात पोहणारे काँगो टेट्रा बरे. त्यांचा थवा उघड्यावर निर्धास्त फिरताना दिसला की बुजरे सिक्लिडही बाहेर येतात. म्बुनांमध्ये एका नरामागे तीन-चार माद्या, भरपूर कपारी आणि थोडी दाटी ठेवतात, म्हणजे नराचा रोख एकावरच राहत नाही; अर्थात त्यासाठी फिल्टर दमदार हवा. सर्वांत भांडखोर मासा शेवटी सोडावा आणि तेव्हा दगडांची मांडणी बदलावी. त्यामुळे जुन्या हद्दी मोडतात.

भारतीय जाती : गोव्यात कालुंदर व केरळात करीमीन म्हणून खाल्ला जाणारा मासा सिक्लिडच आहे. तो व ऑरेंज क्रोमाइड मुख्यतः खाडीच्या मचूळ पाण्यात राहतात. म्हणून गोड्या पाण्यातील टेट्रांशी त्यांची सांगड घालू नये. निसर्गात ऑरेंज क्रोमाइड कालुंदरच्या अंगावरचे परजीवी टिपतो, आणि त्याच्या अंड्या-पिल्लांवरही ताव मारतो. या दोघांची वीण एकाच टाकीत घेऊ नये, ती यामुळेच.