खेळ चालू, फाटक बंद

पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावात संगणक चालेल तोवर वापरतात. यंत्र धडधाकट असूनही त्यावरचा खेळ बंद पडतो, तेव्हा मुलांना नवल वाटते. त्यामागचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

‘काउंटर-स्ट्राइक’चेच पाहा. मिन ली आणि जेस क्लिफ या दोन हौशी तरुणांनी १९९९ साली तो ‘हाफ-लाइफ’ या खेळावर रचला. सायबर कॅफेतले संगणक वायरने जोडले की तो आपसात खेळता येई. इंटरनेटची गरज नसे. दूरच्या लोकांशी खेळायचे, तर मात्र कंपनीच्या सर्व्हरमार्फत जावे लागे. २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम’ आणले आणि २००४ च्या जुलैत जुने सर्व्हर बंद केले. आता फाटक एकच उरले.

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची साथ ८ एप्रिल २०१४ रोजी सोडली. तरी स्टीम त्यावर चालत होते. १ जानेवारी २०१९ पासून तेही थांबले. कारण मोठे गमतीचे! खेळ जुना, त्याला एक्सपी पुरेसे होते. पण स्टीमच्या खिडकीत गूगल क्रोमचा भाग बसवलेला होता, आणि क्रोमने एक्सपीला २०१६ मध्येच रामराम ठोकला होता. विंडोज ७ चा आधारही स्टीमने १ जानेवारी २०२४ रोजी काढून घेतला. नवे यंत्र घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांनाच याचा फटका बसतो.

स्टीमपूर्वीची प्रत जपून ठेवली असेल, तर वायरने जोडलेल्या दोन एक्सपी संगणकांवर तो खेळ आजही रंगतो.