बावीस मैत्रिणी, दोन मिरवणुका आणि अडुसष्ट वर्षे

१/
३ मार्च १९१३. अमेरिकेच्या राजधानीत, पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूवर, मताधिकाराची मागणी करणाऱ्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांची मिरवणूक निघाली. तीत हॉवर्ड विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची एक लहानशी तुकडी होती. त्यांची संघटना त्या दिवशी बरोबर सात आठवड्यांची झाली होती. त्या विद्यार्थिनींपैकी एक ६८ वर्षांनंतर त्याच रस्त्यावरून पुन्हा चालली. या दोन मिरवणुकांच्या दरम्यान टिकून राहिलेल्या मैत्रीचा हा इतिहास. 🧵

२/
अमेरिकन महाविद्यालयांत ‘सोरॉरिटी’ नावाची एक जुनी संस्था आहे. लॅटिन भाषेत ‘सोरोर’ म्हणजे बहीण. ग्रीक अक्षरांचे नाव, ठरलेले रंग, गुप्त दीक्षाविधी आणि आजन्म भगिनीत्वाची शपथ ही तिची लक्षणे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाविद्यालयांत मुली मोजक्याच असत. एकमेकींच्या आधारासाठी त्यांनी असे गट उभारले. मात्र त्यांची दारे गोऱ्या मुलींपुरतीच उघडी होती.

३/
वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाची स्थापना १८६७ची, म्हणजे यादवी युद्ध संपल्यानंतर दोनच वर्षांनी झालेली. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांची मुले-नातवंडे येथे शिकत होती. १५ जानेवारी १९०८ रोजी एथेल हेजमन आणि तिच्या मैत्रिणींनी येथे ‘अल्फा कप्पा अल्फा’ स्थापन केली. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ही पहिली सोरॉरिटी.

४/
चारच वर्षांत या घरात मतभेद झाले. १९१२च्या सुमारास सदस्य असलेल्या बावीस विद्यार्थिनींना संघटनेचे नाव, रंग आणि चिन्हे बदलायची होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्नेहमेळाव्यांच्या पलीकडे जाऊन सार्वजनिक प्रश्नांत उतरायचे होते. मायरा डेव्हिस ही त्यांची अध्यक्ष. नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेली नेली क्वांडर मात्र या बदलाला ठाम विरोध करत होती. थोरल्या मैत्रिणींनी उभारलेले घर धाकट्यांनी मोडू नये, अशी तिची भूमिका होती.

५/
तडजोड झाली नाही. १३ जानेवारी १९१३ रोजी त्या बावीसजणींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ ही नवी संघटना स्थापन केली. मायरा तिची पहिली अध्यक्ष झाली. इकडे २९ जानेवारी रोजी क्वांडरने जुन्या संघटनेची कायदेशीर नोंदणी करून तिचे नाव कायमचे सुरक्षित केले. एका विद्यापीठात, एकाच महिन्यात, कालच्या बहिणी दोन घरांत विभागल्या गेल्या.

६/
त्याच वेळी मताधिकाराच्या मिरवणुकीची तयारी चालू होती. दक्षिणेकडील गोऱ्या स्त्रिया दुखावतील या भीतीने आयोजकांना कृष्णवर्णीय स्त्रियांचा सहभाग अडचणीचा वाटत होता. त्यांना मागे चालवावे, अशीही भाषा होत होती. फेब्रुवारीत आयोजक अ‍ॅलिस पॉल यांना हॉवर्डमधून पत्रे गेली: वर्णावरून भेदभाव होणार असेल तर आम्हाला यायचे नाही. या पत्रांखाली सही होती नेली क्वांडरची. घरे वेगळी झाली, तरी मानाचा प्रश्न दोघींकडे एकच होता.

७/
मिरवणुकीच्या दिवशी रस्त्याच्या दुतर्फा जमलेला जमाव स्त्रियांवर चालून गेला. शिव्या, धक्काबुक्की, थुंकणे असे सारे घडले आणि पोलीस बव्हंशी पाहत राहिले. सुमारे शंभर जखमींना रुग्णालयात न्यावे लागले. अखेर घोडदळ बोलवावे लागले. पत्रकार आयडा बी. वेल्स यांना मागच्या रांगेत जाण्यास सांगण्यात आले होते. त्या गर्दीतून पुढे येऊन इलिनॉयच्या तुकडीत सामील झाल्या. हॉवर्डच्या मुलींबरोबर ज्येष्ठ कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल चालत होत्या.

८/
अशा दिवसाची आठवण जन्मभर पुरते. तरीही आठवणींवर जगणारी मैत्री पदवीनंतर हळूहळू विरत जाते. या संघटनांनी त्यावर एक व्यवहारी उपाय केला. शहरोशहरी पदवीधर सदस्यांच्या शाखा उघडल्या. शिक्षिका म्हणून नव्या गावी गेलेल्या तरुणीला तेथे ओळखीचे दार मिळू लागले. उपाहारगृहे आणि वसतिगृहे वर्णावरून नाकारली जात, त्या काळात अशा दाराचे मोल फार मोठे होते.

९/
फिलाडेल्फियाचे उदाहरण बोलके आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात सेडी मॉसेल शिकत होती. गोऱ्या सहाध्यायिनी आपल्याशी बोलतही नसत, असे तिने पुढे सांगितले. १९१८ साली तेथे पाच कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ‘डेल्टा’ची शाखा काढली. सेडीबरोबर त्यांत व्हर्जिनिया अलेक्झांडर होती. १९२१ साली सेडीने अर्थशास्त्रात पीएच.डी. मिळवली. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री.

१०/
१९२३ साली सेडीचा विवाह व्हर्जिनियाचा भाऊ रेमंड याच्याशी झाला. शपथेने झालेली बहीण आता नात्याने नणंदही झाली. व्हर्जिनिया पुढे डॉक्टर झाली. १९३१ साली तिने आपल्या राहत्या घरातच गरीब कृष्णवर्णीय रुग्णांसाठी आरोग्यगृह सुरू केले. ‘डेल्टा’ची पहिली राष्ट्रीय अध्यक्ष मात्र सेडी होती, तीही पीएच.डी.च्या आधीच, १९१९ साली.

११/
मूळ बावीसजणी देशभर पांगल्या. जेसी मॅग्वायर डेंट टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे शिक्षिका झाली. गोऱ्या शिक्षकांइतके वेतन मिळावे म्हणून तिने दावा लावला आणि १९४३ साली तो जिंकला. ओसिओला मॅकार्थी अ‍ॅडम्स रंगभूमीकडे वळली. सिडनी पॉइटिये आणि हॅरी बेलाफाँटे यांच्या सुरुवातीच्या रंगमंचीय पदार्पणाची दिग्दर्शक तीच.

१२/
दुसरे घरही स्वस्थ बसले नव्हते. १९३५ ते १९४२ या काळात ‘अल्फा कप्पा अल्फा’च्या सदस्या दर उन्हाळ्यात मिसिसिपीत जाऊन मोफत दवाखाने चालवत. नेतृत्व डॉ. डोरोथी फेरेबी यांचे. मळेवाले आपल्या कुळांना दवाखान्यापर्यंत येऊ देईनात, तेव्हा या बायकांनी मोटारींत औषधे भरून दवाखानाच मळ्यांवर नेला. धुळीचे रस्ते, मळेवाल्यांची पाळत आणि शेकडो लसी टोचून घेणारी मुले अशी ही ‘उन्हाळी सुट्टी’. कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकत असताना सामील झाल्या त्या याच संघटनेत.

१३/
या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. सदस्य निवडताना घराणे, ऐपत, कधी त्वचेची छटाही पाहिली जाते, असे आरोप या संघटनांवर वारंवार झाले. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझिअर यांनी कृष्णवर्णीय मध्यमवर्गावरील आपल्या गाजलेल्या ग्रंथात त्यांच्या दिखाऊपणावर कठोर टीका केली. बहीण मानायची म्हणजे कोणाला तरी परकी ठरवायची, हा पेच कोणत्याही बंद वर्तुळाला चुकत नाही. गोऱ्या मुलींच्या बंद दारांमुळे जन्मलेल्या संघटनांना तर तो अधिकच बोचणारा.

१४/
१९१३ची फूट कायमचे वैर ठरली नाही. १९३० साली कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनांची एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. दोन्ही सोरॉरिटी तिच्या संस्थापक सदस्य होत्या. ठिकाण होते तेच हॉवर्ड विद्यापीठ. ज्या आवारात वाट फुटली, त्याच आवारात सतरा वर्षांनी त्या एका मेजाभोवती बसल्या.

१५/
बावीसजणींमधील बर्था पिट्स कॅम्पबेल १९२३ साली सिअ‍ॅटलला स्थायिक झाली. वर्णभेदाविरुद्ध तेथे तिने दीर्घकाळ काम केले. १९२० साली घटनादुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळाला, तरी दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना तो प्रत्यक्षात वापरता येण्यासाठी १९६५चा कायदा यावा लागला. मिरवणुकीत चाललेल्या मैत्रिणींपैकी जेसी डेंट तोवर हयात नव्हती.

१६/
१९८१ साली बर्था पुन्हा पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूवर आली. तिचे वय ९२ होते. १९१३च्या त्या दिवसाच्या स्मरणार्थ निघालेल्या मिरवणुकीच्या अग्रभागी ती होती आणि तिच्यामागे ‘डेल्टा’च्या सुमारे दहा हजार सदस्या चालत होत्या. त्यांतील बहुतेकींचा १९१३ साली जन्मही झाला नव्हता. तरी त्या तिला बहीणच म्हणत होत्या. आता रस्त्याच्या कडेला चालून येणारा जमाव नव्हता.

१७/
महाविद्यालयातील मैत्री वसतिगृहाच्या खोलीत, परीक्षेच्या रात्री, एका ताटातल्या जेवणात जन्मते. ती जन्मभर टिकवायला या मुलींनी दोन गोष्टी केल्या: भेटण्याची जागा राखली आणि एकत्र करण्याचे काम संपू दिले नाही. बावीसजणींची संघटना शंभरी ओलांडून आजही चालू आहे.

(समाप्त)