सहीपुरते रान

जमीन घेणे म्हणजे काय, हे भिलाईकरांना कोणी शिकवावयास नको. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा अद्याप नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‍घाटन झाले, तोवर राजधानी भोपाळला गेली होती आणि भाताच्या शेतांच्या जागी कारखाना उभा राहिला होता. जमीन घ्यावयाची ती काही उभारण्यासाठी, ही समजूत येथील हवेतच आहे. त्यामुळे रान जसे आहे तसेच राहावे एवढ्यासाठी कोणी पैसे मोजतो असे ऐकले की आमच्या मंडळींना प्रथम ती थट्टा वाटते.

आमच्यापैकी एका गृहस्थांस संगमेश्वर तालुक्यातील भाऊबंदांचे पत्र आले आणि थट्टा मागे पडली. डोंगरउतारावरील सामाईक वरकस जमिनीतील झाडे ठेकेदारास द्यावयाची ठरली होती. सर्वांच्या सह्या झाल्या होत्या, उरली होती ती यांचीच. या सहीला एवढे मोल कोठून आले, हे पाहू जाता आम्हांस दोनशे वर्षे मागे जावे लागले.

देशातील बहुतेक जंगल सरकारचे. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र ते बहुतांशी खाजगी. पेशवाई बुडाल्यानंतर थोड्याच वर्षांत तेथील कलेक्टर डनलॉप याने झाडांवरील सरकारी हक्क सोडून दिला. झाड आपले झाले म्हणजे लोक ते जपतील, हा त्याचा हिशेब. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता. लोकांनी मिळालेला हक्क जपण्याऐवजी विकला. साहेबाचा हेतू शुद्ध होता, इतके म्हणून आम्ही त्यास सोडतो. पुढे जी राने उरली ती खोतांच्या व धारेकऱ्यांच्या ताब्यात उरली. खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले; खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. ती गेली हे उत्तमच झाले. पण डोंगर वारसांत वाटला गेला आणि सातबाऱ्यावर नावांची रांग लागली.

त्यानंतर सरकारने एकदा सरसकट हात घातला. १९७५ च्या कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्रातील खाजगी वने शासनाकडे निहित झाली. लहान धारकांवर अन्याय होतो असे दिसताच १२ हेक्टरांपर्यंत जमीन असणाऱ्यांना ती परत देण्याची तरतूद करावी लागली. पुढे मुंबईतील विक्रोळीच्या जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० जानेवारी २०१४ रोजी निकाल झाला की, नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावलेली असली पाहिजे. रान वाचविण्याचा कायदा चाळीस वर्षे कागदांवर लढला गेला. आम्ही कचेरीत वाढलेली माणसे, आम्हांस याचे नवल वाटू नये.

मग विकतच घेतले तर? १९८७ साली स्वीडनमधील एका खेड्यातील प्राथमिक शाळेच्या मुलांनी कोस्टा रिकाच्या मॉन्टेव्हर्दे येथील वर्षावनासाठी पैसे जमविले. त्यातून वाढलेले 'मुलांचे शाश्वत वर्षावन' आज २० हजारांहून अधिक हेक्टरांचे आहे. आपल्याकडे कोडगूत मल्होत्रा दांपत्याने १९९१ साली ५५ एकर घेतले आणि पुढे शेजारच्या पडीक मळ्यांची भर घालीत ते सुमारे ३०० एकरांवर नेले. हत्ती तेथे येऊ लागले.

कोकणात हा मार्ग सुगम नाही. १९४८ च्या कूळकायद्यानुसार, परवानगीवाचून, शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावयाची. १९६१ च्या कमाल धारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीचीही मर्यादा ५४ एकर. दोन्ही कायदे कुळांच्या व भूमिहीनांच्या भल्यासाठी झाले आणि त्यांस नावे ठेवण्याचे आमच्या मनात नाही. परंतु रान राखू इच्छिणारा परका मनुष्य त्यांच्या दारात अडतो, हेही खरे. म्हणून पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर भागात निराळी वाट धरली. जमीन मालकाचीच राहावी, त्याने ठरावीक वर्षे झाडे तोडू नयेत आणि त्याबद्दल त्यास मोबदला मिळावा, असे करार तिने केले. बेहड्याची व हिरड्याची फळे जपून गोळा करून विकण्याचा उद्योगही तिने उभा केला.

बेहड्याला येथे विशेष अर्थ आहे. ककणेर पक्षी जुन्या, जाड खोडाच्या ढोलीत घरटे करतो. मादी आत शिरून ढोलीचे तोंड लिंपून घेते. एक चीर तेवढी उरते आणि तिच्यातून नर तिला व पुढे पिल्लांना फळे भरवितो. अशी ढोली पडावयास झाडाचे वय व्हावे लागते. ठेकेदार डोंगर उघडा करतो तेव्हा खुंटांना पुन्हा धुमारे फुटतात, दुरून उतार हिरवाच दिसतो; पण त्या पोरवयाच्या रानात ढोली नसते. हे रान कोडगूसारखे सदाहरित नाही, बव्हंशी निमसदाहरित आहे. ककणेराला त्याची तक्रार नाही.

या साऱ्यात आमच्या स्नेह्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. पुण्यामुंबईच्या धनिकास जो अधिकार परवानगीवाचून मिळत नाही, तो भिलाईच्या सेक्टरातील क्वार्टरात राहणाऱ्या त्यांना जन्माने मिळाला आहे, कारण सातबाऱ्यावर त्यांचे नाव आहे. भाऊबंदांचे हिस्से ते कायदेशीर विकत घेऊ शकतात. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदीप्रमाणे, इच्छा असल्यास, आपली खाजगी जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची विनंतीही शासनास करता येते.

अडचण ही की, गावी राहिलेल्या धाकट्या चुलतभावास पैसा आता हवा आहे. मुलीचे लग्न ठरले आहे, घराचे वासे बदलावयाचे आहेत, आणि त्याने इतकी वर्षे वणव्यापासून उतार राखला तो कोणाच्या पैशाने नव्हे. त्यास दुरून रानाचे महत्त्व लिहून कळविण्याचा अधिकार आपणांस नाही, असे आमचे स्नेही म्हणाले. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून किती रक्कम काढता येईल याची चौकशी केली आहे, आणि ठेकेदाराने देऊ केलेल्या आकड्याहून कमी न पडेल असा आकडा घालून चुलतभावास पत्र लिहिले आहे. सही अद्याप केलेली नाही. उत्तराची वाट आम्हीही पाहत आहोत.