एकाच अंकात दोन उत्तरं

मागच्या महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन कागद पडले होते. बाबांचे पीएसए रिपोर्ट. एकावर ७.८, आणि सहा आठवड्यांनी केलेल्या दुसऱ्यावर ३.६. बाबा म्हणाले, "तू एवढा पॉडकास्ट करतोस, मग सांग, यातलं खरं कुठलं?" मला सांगता येईना. म्हणून वाचायला बसलो.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. रक्तात ते वाढलं की कॅन्सरची शंका येते. पण वयानुसार ग्रंथी मोठी झाली किंवा लघवीचं इन्फेक्शन झालं, तरीही ते वाढतं. अमेरिकेत १९८६ साली या टेस्टला परवानगी मिळाली, ती कॅन्सर झालेल्या पेशंटवर लक्ष ठेवायला. रोग शोधण्यासाठी वापरायची मंजुरी आली १९९४ मध्ये. तोवर ४ हा आकडा लक्ष्मणरेषा होऊन बसला होता. २००४ मध्ये तीही पुसट झाली: पीएसए ४ च्या वर कधीच न गेलेल्या पुरुषांची बायोप्सी केली, तर साधारण १५ टक्क्यांमध्ये कॅन्सर सापडला.

आणि मग मार्च २००९. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन मोठे अभ्यास आले. युरोपचा म्हणाला, टेस्टमुळे प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. अमेरिकेचा, ७६ हजारांहून जास्त पुरुषांचा, म्हणाला, काही फायदा दिसत नाही. सात वर्षांत टेस्टवाल्या गटात ५० मृत्यू, दुसऱ्या गटात ४४!

आता गंमत बघा. अमेरिकेतला तो दुसरा गट 'टेस्ट न करणारा' नव्हताच. तिथे टेस्ट इतकी रुळलेली होती, की त्यातले निम्मे लोक स्वतःच बाहेर जाऊन ती करून आले होते. म्हणजे तुलना झाली ती टेस्ट करणाऱ्यांची टेस्ट करणाऱ्यांशीच. युरोपचं यशही स्वस्त नव्हतं बरं का: एक मृत्यू टाळायला १,४१० जणांची तपासणी आणि ४८ जादा जणांवर उपचार. त्या उपचारांत लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, लैंगिक क्षमताही. यावर बोलायला आपल्याकडे पुरुष लाजतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटानं २०१२ मध्ये 'ही टेस्ट सरसकट नको' म्हटलं. २०१८ मध्ये तेच म्हणाले, ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्यानं त्यानं ठरवावं.

दोन्ही कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आकड्यांकडे नंतर पाहिलं. आधी विचारलं, "पहिली टेस्ट केली तेव्हा लघवीला जळजळ होती का?" बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "होती. ताप पण होता." हे आईलाही माहीत नव्हतं. "मग ७.८ बाजूला ठेवू," डॉक्टर म्हणाले, "पण ३.६ वर पेढे वाटू नका."

तीन महिन्यांनी परत टेस्ट, त्याच लॅबमध्ये. आधीचे दोन दिवस सायकल बंद. बाबांनी कॅलेंडरवर गोल केलाय.