सभासद, शिधापत्रिकाधारक, तक्रारदार : तिरुवल्लिकेणीच्या तराजूतून ग्राहकाचा इतिहास

भारतातील ग्राहकसंरक्षणाचा इतिहास सामान्यतः १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून सांगितला जातो. या मांडणीत ग्राहक प्रथम दिसतो तो तक्रारदार म्हणून. फसवणूक आधी घडते, ग्राहक नंतर अवतरतो. मात्र चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी या वस्तीचा गेल्या शतकाचा अनुभव पाहिला, तर ही मांडणी अपुरी ठरते. तेथे ग्राहकाची पहिली संघटित ओळख तक्रारदाराची नसून मालकाची होती.

पार्थसारथी मंदिराभोवती वाढलेल्या या वस्तीत विसाव्या शतकाच्या आरंभी शिक्षक, वकील, कारकून अशा ठरावीक वेतनावर जगणाऱ्या कुटुंबांची मोठी संख्या होती. १९०४ मध्ये येथे ‘ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ स्थापन झाली. भारतातील आद्य ग्राहक सहकारी संस्था म्हणून ती ओळखली जाते. तिच्या संस्थापकांमध्ये व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री होते. ते त्या काळी येथील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. हेच शास्त्री १९०७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुण्यातील भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९१५ मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर त्याचे अध्यक्ष झाले. मराठी वाचकाला शास्त्री परिचित आहेत ते गोखल्यांचे उत्तराधिकारी म्हणून. त्यांच्या सार्वजनिक जीवनाच्या प्रारंभी एक किराणा दुकान आहे, हे सहसा नोंदवले जात नाही.

संस्थेचा आदर्श इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये विणकरादी कामगारांनी काढलेल्या दुकानाचा होता. शुद्ध माल, पुरे माप, रोखीचा व्यवहार, खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी आणि भागभांडवल कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत, ही त्या परंपरेची सूत्रे. मराठीत ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. तमिळ परंपरेत तिरुक्कुरळच्या निष्पक्षतेवरील अध्यायात तराजूची प्रतिमा आणि व्यापाराची नीती शेजारी शेजारी येतात. साने गुरुजींनी हा ग्रंथ मराठीत आणला. दोन्हीकडे प्रश्न विक्रेत्याच्या सदसद्विवेकाचा आहे. रॉचडेलच्या परंपरेने तो विवेकावर सोडला नाही. काटा मारणारा आणि मार खाणारा एकच असेल, तर काटा मारण्यात कोणाचेच हित उरत नाही. संरक्षणाची ही तजवीज दुकानाच्या रचनेतच होती.

कायद्याला मात्र ही कल्पना उशिरा उमगली. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा नावाप्रमाणेच कर्जव्यवहारासाठी होता. सावकाराच्या पाशातून शेतकरी सोडवणे हा त्याचा हेतू. दुकान चालवणाऱ्या ग्राहकसंस्थेला त्यात स्पष्ट स्थान नव्हते. ते १९१२ च्या कायद्याने दिले. ऋणको हा संरक्षणास पात्र, हे राज्यसंस्थेने आधी मान्य केले. खरेदीदाराला वाट पाहावी लागली.

या आदर्शाची मर्यादाही नजरेआड करता येत नाही. रोखीचा नियम कर्जातून मुक्त करतो, पण ज्याचे महिन्याचे पोट वाण्याच्या उधारीवर चालते त्याला तो दाराबाहेर ठेवतो. सभासदत्वाचे संरक्षण सभासदांपुरतेच राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिधावाटप आले आणि पुढे तमिळनाडूत रास्त भावाची बहुसंख्य दुकाने सहकारी संस्थांकडे आली. तिरुवल्लिकेणीची संस्थाही त्यांत होती. त्यामुळे उंबरठ्याबाहेरचा गरीब आत आला. परंतु मतदार सभासद म्हणून नव्हे, तर शिधापत्रिकाधारक म्हणून. पोच वाढली आणि मालकी पातळ झाली.

महाराष्ट्रात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. १९७२ मध्ये महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईतील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यानंतर बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. कुटुंबांचे लहान संघ, मागणीची एकत्रित नोंद आणि दुकानाविना वितरण या तिच्या पद्धतीत तिरुवल्लिकेणीचेच सूत्र नव्या रूपात दिसते. त्याला तिने कायद्यासाठीच्या लढ्याची जोड दिली.

शब्दांचा इतिहासही याला दुजोरा देतो. मराठीतील ‘गिऱ्हाईक’ हा ‘ग्राहक’ शब्दाचाच तद्भव. पण ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टर उडवणे. चळवळीने तत्सम रूप स्वीकारून त्या शब्दाला प्रतिष्ठा दिली. तमिळमधील ‘नुगर्वोर्’ हा शब्द उपभोगाच्या, अनुभवाच्या अंगाने येतो. तो हिंदीतील ‘उपभोक्ता’ या शब्दाला जवळचा. मराठी शब्दात घेण्याची कृती आहे, तमिळ शब्दात भोगण्याची. सहकारी दुकानाची नावे मात्र एकमेकांशी नाते सांगतात : मराठीत ‘भांडार’, तमिळमध्ये ‘पंडगसालै’.

१९८६ च्या कायद्याने जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशी त्रिस्तरीय न्यायव्यवस्था दिली. २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या ठिकाणी दाद मागण्याची सोय केली. या दोन्ही कायद्यांतील ग्राहकाच्या व्याख्येचा आधार मोबदला हा आहे. तमिळनाडूत २०११ पासून शिधापत्रिकेवर तांदूळ मोफत मिळतो. तो निकृष्ट वा वजनाला कमी निघाला, तर घेणारी स्त्री या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. तिला २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील तक्रारनिवारणाची वेगळी वाट धरावी लागते.

म्हणजेच एका दुकानाच्या उंबरठ्यावर शंभर वर्षांत तीन ओळखी उभ्या राहिल्या. सभासदाला तराजूवर अधिकार होता, पण तो प्रत्येकाला खुला नव्हता. शिधापत्रिकेने सर्वांना धान्य दिले, अधिकार दिला नाही. तक्रारदाराला कायदा मिळाला, तोही वजन झाल्यानंतर. ग्राहकसंरक्षणाचा इतिहास केवळ कायद्यांच्या क्रमाने सांगितल्यास पहिली ओळख विस्मृतीत जाते, आणि तिच्यासोबत तराजू कोणाच्या हाती असावा हा मूळ प्रश्नही.