तेल, पाणी, वायू वेगळे करणारी टाकी

विहिरीतून येणारे कच्चे तेल क्वचितच निव्वळ तेल असते. त्यात पाणी आणि वायूही असतात. एडविन ड्रेकने 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात तेल काढले, त्या काळी हे मिश्रण लाकडी टाक्यांत निवळत ठेवत आणि वायू हवेत सोडून देत. ही मोठीच नासाडी होती. पुढे दाब सोसणाऱ्या बंद पोलादी टाक्या आल्या.

त्यांच्या गणिताचा पाया जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्येच घातला होता. द्रवातून सरकणाऱ्या बारीक थेंबाचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. थेंब निम्म्या व्यासाचा झाला, की त्याला तेवढेच अंतर कापायला चौपट वेळ लागतो. टाकीचा आकार ठरवताना हा हिशेब टाळता येत नाही.

नियंत्रणाचा प्रश्न अधिक नाजूक. तेल-पाण्याची सीमा फार चढली तर तेलासोबत पाणी जाते, फार उतरली तर पाण्यासोबत तेल. आधी तरंगता गोळाच झडप हलवी. नंतर हवेच्या दाबावर चालणारे नियंत्रक आले. झीग्लर आणि निकोल्स यांनी 1942 मध्ये असे नियंत्रक जुळवण्याचे नियम दिले. 1976 मध्ये उत्पादन सुरू झालेल्या मुंबई हायवरही, भर समुद्रातल्या फलाटांवर, हेच विलगीकरण चालते.