ओपन-फेस की फुल-फेस? दुचाकीस्वाराच्या हेल्मेटची निवड : सोलापूरच्या रस्त्यांवरून एक विवेचन

१. प्रश्नाची मांडणी

हेल्मेट घालावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार, पगडी घालणारे शीख वगळता, चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, मागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ड मध्ये हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द ठेवण्याची तरतूद आहे. मात्र हेल्मेट कोणत्या प्रकारचे असावे, याबद्दल कलम १२९ काही सांगत नाही. हेल्मेट केंद्र सरकारने ठरवलेल्या मानकाचे असावे, त्याचा आकार, साहित्य आणि बांधणी अपघातात संरक्षण देण्याजोगी असावी आणि ते पट्ट्याने डोक्याला पक्के बांधलेले असावे, एवढीच त्याची अपेक्षा. त्यामुळे ओपन-फेस घेतले काय किंवा फुल-फेस घेतले काय, दंडाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. निवड गिऱ्हाइकावर सोडलेली आहे, आणि गिऱ्हाईक ती बहुधा किंमत, रंग आणि उकाडा या तीन गोष्टींवर करते. ती कोणत्या निकषांवर व्हावी, हे येथे पाहू.

२. हेल्मेट नेमके काय करते

कवटी फुटू नये म्हणून हेल्मेटचे कवच कठीण असते, हा समज अर्धाच खरा आहे. कवच आघात पसरवते आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. मेंदू वाचवण्याचे मुख्य काम आतल्या थर्माकोलसारख्या थराचे. तो चेपतो, आणि चेपताना डोक्याला थांबायला थोडे अंतर मिळते.

हे अंतर किती मोलाचे, ते साध्या गणिताने कळते. युरोपातील २२.०५ या मानकात हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने आपटून तपासत. या वेगाचे डोके ३ मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ९५० पट मंदन येते. तेच ३० मिलिमीटरमध्ये थांबले तर ९५ पट. पहिल्या आकड्यात मेंदू वाचण्याची आशा नसते, दुसऱ्यात असते.

‘एवढ्याशा वेगाला हेल्मेट कशाला’ या म्हणण्याचे उत्तरही इथेच मिळते. स्वाराचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. तिथून ते सरळ खाली आले, तरी डांबराला लागताना त्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर भरतो. गाडी उभी असली तरी यात फरक पडत नाही. म्हणून नवी पेठेतल्या गर्दीत मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या स्कूटरलाही हे गणित लागू आहे. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसो, ते बाद समजावे.

३. प्रकार आणि त्यांतला फरक

बाजारात चार प्रकार दिसतात. नुसती टाळू झाकणारी टोपी हा पहिला. तिच्यात कान, कानशील आणि मानेचा मागचा भाग उघडा राहतो. ती विचारात घेण्याच्याही लायकीची नाही. ओपन-फेस टाळू, कानशील, कान आणि डोक्याची मागची बाजू झाकते, चेहरा मोकळा. फुल-फेसमध्ये याशिवाय हनुवटीसमोर कवचाचाच भाग असलेला दांडा येतो. चौथा प्रकार हनुवटीचा भाग वर उचलता येणारा, म्हणजे फ्लिप-अप.

तेव्हा खरा प्रश्न हनुवटीच्या दांड्यापुरता उरतो. जर्मनीत डीटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवरील आघातांच्या जागा नोंदवल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटी आणि जबड्याच्या पट्ट्यात आढळले. हे नवल नाही. पुढे फेकला गेलेला माणूस बहुधा तोंडावर पडतो. हनुवटीवर बसलेला मार जबड्याच्या सांध्यातून थेट कवटीच्या तळाकडे जातो. म्हणजे प्रश्न दात पडण्यापुरता नसतो.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी. वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष निघाला. पण कोणता प्रकार अधिक जीव वाचवतो, हे ठरवायला पुरावा अपुरा असल्याचेही त्याच आढाव्याने नमूद केले. म्हणजे कोणतेही नीट बांधलेले हेल्मेट आणि उघडे डोके यांतला फरक आकड्यांनी सिद्ध आहे. फुल-फेसचा जादा लाभ आघातांच्या जागांवरून आणि शरीररचनेवरून काढलेला आहे. तो ठोस आहे, पण दुसऱ्या क्रमांकाचा.

४. फुल-फेसवरचे आक्षेप

दिसत नाही, हा पहिला आक्षेप. अमेरिकी मानकात हेल्मेटला दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंत दृष्टी मोकळी ठेवावी लागते. अडचण येते ती ओरखडे पडलेल्या काचेमुळे, विशेषतः रात्री समोरून दिवे आल्यावर. पंधरा दिवसांनी कोरड्या फडक्याने धूळ घासून काढली की काच अशीच खराब होते. आधी पाणी मारावे, मग पुसावे. ऐकू येत नाही, हा दुसरा. लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांचा तपास करणाऱ्या १९८१ च्या हर्ट अहवालाला हेल्मेटमुळे दृष्टी वा श्रवण कमी होऊन अपघात घडल्याचे आढळले नाही.

तिसरा आक्षेप उकाड्याचा. सोलापुरात तो हसण्यावारी नेता येत नाही, कारण एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. सिग्नलला उभे असताना फुल-फेसमध्ये स्वतःचाच श्वास तोंडावर येतो, हे खरे. काच वर करणे हाच त्यावर उपाय. पण गाडी चालू झाल्यावर हिशेब बदलतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापलेली असली की वारा अंगाला गरमी देतो. गारवा मिळतो तो फक्त घाम वाळल्यामुळे. म्हणून दुपारी दोन वाजता विजापूर रोडवर ओपन-फेसमधून लागणारा वारा सुखाचा नसतो, तो झळ असतो. डोळे कोरडे पडतात, ओठ तडकतात, धूळ वेगळीच. सोलापूरकर मग तोंडाला रुमाल किंवा स्टोल गुंडाळतो, म्हणजे मोकळा ठेवलेला चेहरा झाकूनच घेतो. हा कपडा पातळ सुती असावा. टर्किश टॉवेलची घडी हेल्मेटखाली घातली की माप बिघडते आणि हेल्मेट डोक्यावर डुलते.

चष्मेवाल्यांची अडचण खरी आहे. त्यांना फ्लिप-अप सोयीचे, पण चालवताना हनुवटीचा भाग खाली बसवलेला हवा. तोंडात मावा असणाऱ्यांच्या अडचणीवर मात्र या विवेचनात उपाय नाही.

५. सोलापूरचा रस्ता काय सांगतो

शहरात वेग कमी आणि महामार्गावर जास्त, म्हणून शहरात ओपन-फेस आणि बाहेर फुल-फेस, अशी विभागणी पुस्तकात छान दिसते. सोलापुरात ती टिकत नाही. पुणे-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा महामार्ग आणि तुळजापूर-विजयपूर हा ५२ क्रमांकाचा, दोन्ही इथेच येऊन मिळतात. सात रस्त्यावरून चिंचोळी एमआयडीसीत कामाला निघालेला कामगार थोड्याच वेळात ट्रकांच्या ओळीत असतो. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला दर्शनाला जाणारे कुटुंब त्याच स्कूटरवर आणि त्याच हेल्मेटात निघते. गाळपाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. अंधारात अशा ट्रॉलीवर मागून धडकणाऱ्याचे तोंडच आधी उसाच्या मोळ्यांवर जाते. हनुवटीचा दांडा कशासाठी, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधायला नको.

६. निकषांचा क्रम

प्रकाराचा विचार चौथा आहे. त्याआधी तीन कसोट्या.

पहिली, पट्टा. न बांधलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जाते. पट्ट्याखाली एक-दोन बोटे जातील इतकाच तो सैल हवा.

दुसरी, माप. भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर टेपने मोजावा. हेल्मेट घालून, पट्टा लावून, मागच्या कडेला धरून पुढे ओढावे. निघाले तर ते आपले नव्हे. अंबाडा किंवा उंच बांधलेले केस असतील तर हेल्मेट मागून बसतच नाही. वेणी खाली सोडावी. मागे बसणाऱ्या बाईचे मापही दुकानात तिला नेऊनच घ्यावे.

तिसरी, मानक. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट विकण्यास बंदी आहे. चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. रस्त्याकडेला मांडलेल्या ढिगातले हेल्मेट उचलून अस्तर बाजूला सारून पाहावे. आत थर्माकोलऐवजी नुसता स्पंज निघाला, तर ते हेल्मेट दंडापासूनही धड वाचवणार नाही.

७. निष्कर्ष

घरात दोन हेल्मेट ठेवणे परवडत असेल आणि एक गाडी खरोखरच गल्लीबाहेर जात नसेल, तर तिच्यासाठी चांगल्या मापाचे, काच असलेले, आयएसआय ओपन-फेस चालेल. फुल-फेस विकत घेऊन आरशाला लटकवणाऱ्यापेक्षा ओपन-फेस रोज बांधणारा अधिक सुरक्षित, यातही शंका नाही. पण बहुतेक घरांत माणशी एकच हेल्मेट घेतले जाते. ते एकच घ्यायचे असेल तर सोलापुरात फुल-फेस घ्यावे. फिक्या रंगाचे, हवेची छिद्रे असलेले, आणि मागे बसणाऱ्यासाठीही तसेच दुसरे.